माइदोच्या नोंदी : दिवसाची हवा, रात्रीची हवा

प्रकल्पाचा विषय : हिंद महासागरातल्या रियुनियन बेटावरच्या माइदो वेधशाळेतील ओझोन आणि बाष्पाच्या नोंदींतून बेटाची स्वतःची हवा कोणती आणि दुरून वाहत आलेली मुक्त तपांबरातली (वातावरणाच्या सर्वांत खालच्या थराच्या, जमिनीचा प्रभाव न पोचणाऱ्या वरच्या भागातली) हवा कोणती, हे वेगळे करण्याची पद्धत बसवणे. मुक्काम सहा आठवड्यांचा. सर्व वेळा स्थानिक आहेत. ही वेळ जागतिक प्रमाण वेळेच्या चार तास पुढे आणि भारतीय वेळेच्या दीड तास मागे असते. (हे शेवटचे वाक्य मी २४ सप्टेंबरनंतर येथे वर आणून लिहिले आहे. कारण त्या दिवशीच्या नोंदीत सापडेल.)

८ सप्टेंबर २०२५, सोमवार

सकाळी किनाऱ्यावरच्या सें-पोलहून निघताना अंगावर सुती कपडे होते आणि तासाभराने वेधशाळेच्या दारात उतरले तेव्हा मी सामानातला स्वेटर शोधत होते. रस्ता सरळ डोंगराच्या अंगावर चढतो. खाली उसाची शेते, पतीत फ्रान्स नावाच्या वस्तीपाशी जिरेनियमच्या पानांतून तेल काढणाऱ्या भट्ट्या, त्याच्या वर क्रिप्टोमेरियाची लावलेली काळोखी झाडी, मग उंचावरच्या वाकड्यातिकड्या तामारिनचे रान आणि शेवटी गुडघाभर झुडपांचा उघडा माळ, असे पट्टे एकामागून एक येतात. ‘माइदो’ हा शब्द मालागासी असून त्याचा अर्थ ‘जळालेली जमीन’ असा सांगतात. २०१० आणि २०११ साली या उतारावर लागलेल्या मोठ्या वणव्यांच्या खुणा अजून दिसत असल्यामुळे तो अर्थ पटायला वेळ लागत नाही.

वेधशाळा समुद्रसपाटीपासून २१६० मीटरवर आहे. ती २०१२ च्या ऑक्टोबरात सुरू झाली, पण बेटावरचे काम तिच्याहून जुने आहे. येथील फुग्यांद्वारे होणारी ओझोनची मोजणी १९९२ पासून आणि लायडारची (लेसर किरण वर सोडून परत येणाऱ्या प्रकाशावरून हवेतले घटक मोजणाऱ्या यंत्राची) मोजणी १९९४ पासून चालू आहे. त्या काळी लायडार सें-देनी शहरातल्या विद्यापीठाच्या आवारात, जवळजवळ समुद्राच्या पातळीवर होते. तेथून वर पाठवलेल्या लेसर किरणाला आधी किनाऱ्यावरची दमट हवा आणि तिच्यातली धूळ-मीठ भेदून जावे लागे, आणि संध्याकाळचे ढग आले की रात्र वाया जाई. वातावरणातले बहुतेक बाष्प खालच्या दोन-तीन किलोमीटरांत असते. यंत्रे दोन किलोमीटर वर आणली की ओलाव्याचा बराचसा पडदा पायाखाली राहतो, आणि मोजणी तेथून पुढे सुरू होते.

दुपारी कड्यापर्यंत चालत गेले. पलीकडे माफातची दरी आहे. तेथे मोटारीचा रस्ताच नाही, माणसे पायी जातात आणि सामान हेलिकॉप्टरने उतरते. सकाळी आरपार दिसलेली ती दरी दोन वाजता ढगाने भरलेली होती आणि ढग कड्यावरून सांडून आमच्या बाजूला येऊ पाहत होता.

काल पौर्णिमा होती आणि खग्रास चंद्रग्रहणही होते. पौर्णिमेच्या रात्री लायडारवाले हातावर हात धरून बसतात, कारण चंद्रप्रकाशात परत येणारे मोजके फोटॉन हरवून जातात. कालच्या सुमारे ८२ मिनिटांच्या खग्रास स्थितीत तेवढ्यापुरती अमावास्या मिळाली असती, हे मला आज गाडीत सुचले, म्हणजे एक दिवस उशिरा.

१० सप्टेंबर, बुधवार

आजचा दिवस हवा आत ओढून जागेवरच मोजणाऱ्या यंत्रांच्या खोलीत गेला. छतावरच्या नळीतून हवा खाली येते. एक यंत्र अतिनील प्रकाशाच्या शोषणावरून ओझोन मोजते, दुसरे कार्बन डायऑक्साइड आणि मिथेन, तिसरे काजळी, चौथे अतिसूक्ष्म कणांची संख्या आणि आकार. पंपांचा आवाज एकसारखा असतो, त्यामुळे तो मध्येच थांबला तर माणूस झोपेतूनही जागा होईल.

येथल्या हवेची दिनचर्या समजून घेतल्याशिवाय यातला एकही आकडा वापरता येत नाही, म्हणून ती सविस्तर लिहिते. बेटावर वर्षातला बराच काळ आग्नेयेकडून व्यापारी वारे येतात. ते पूर्वेच्या उतारांवर आदळून तेथे वर्षाला दहा मीटरहून अधिक पाऊस टाकतात, तर पश्चिम किनारा त्यांच्या आडोशाला राहून कोरडा पडतो. आपल्याकडे महाबळेश्वर आणि वाई यांच्यात जे नाते आहे तेच येथे आहे, फक्त दिशा उलटी. माइदो आडोशाच्या बाजूला असल्यामुळे येथे व्यापारी वाऱ्यापेक्षा स्थानिक वाऱ्यांचेच अधिक चालते. सूर्य वर आला की उतार तापतो, समुद्रावरचा वारा आणि उतारावरून वर चढणारा वारा एकत्र येतात, आणि किनाऱ्यावरची हवा तिच्यातल्या बाष्पासह, शेतांतल्या आणि जंगलातल्या वायूंसह, मोटारींच्या धुरासह डोंगर चढून दुपारपर्यंत आमच्या नळीत शिरते. रात्री उतार थंड होतो, वारा उलटा वाहू लागतो आणि वरून हळूहळू उतरणारी कोरडी हवा तिची जागा घेते. ही हवा आसपासच्या समुद्रावर दोन-अडीच किलोमीटर उंचीवर असलेल्या हवेसारखीच असते. व्यापारी वाऱ्यांच्या पट्ट्यात साधारण त्याच उंचीवर तापमानाची विपरीतता असते, म्हणजे उंचीबरोबर तापमान घटण्याऐवजी काही अंतर वाढते. त्या झाकणाखाली ढग अडकून राहतात. वेधशाळा या झाकणाच्या आसपासच असल्यामुळे कधी ती ढगांच्या समुद्रावर असते आणि कधी त्यात बुडालेली.

हवाईमधल्या मौना लोआवर १९५८ पासून कार्बन डायऑक्साइडची जी नोंद चालू आहे तिच्यातही हीच खबरदारी घेतात. दिवसा उतारावरची झाडेझुडपे तो वायू शोषून घेतात आणि ती हवा वर येते, म्हणून असे तास गाळून उरलेल्या आकड्यांवर भरवसा ठेवतात. तेथली वेधशाळा ३३९७ मीटरवर आहे. माइदो तिच्याहून बरीच खाली असल्यामुळे बेटाची हवा येथे अधिक वेळा पोचते आणि गाळणी अधिक काटेकोर लागते. महाबळेश्वरला आयआयटीएमच्या (पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या) मेघभौतिकी प्रयोगशाळेतल्या नोंदी वापरताना मला हाच प्रश्न पडत असे, पण पावसाळ्यात तेथे ढगच खोलीत येऊन बसतो, त्यामुळे प्रश्नाचे स्वरूप वेगळे होते.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

पहिला निष्कर्ष हाती आला. बाष्पाचे प्रमाण आणि सूक्ष्म कणांची संख्या या दोहोंच्या आलेखांवरून पाहता बेटाची हवा संध्याकाळी आठच्या सुमारास एकदम ओसरते, म्हणजे सूर्यास्तानंतर जवळजवळ दोन तासांनी. उतार इतका वेळ ऊब धरून ठेवत असेल, असे वाटते. येथील सहकाऱ्यांना हे थोडे उशिराचे वाटले. तरीही मी गाळणीची वेळ ‘रात्री नऊ ते पहाटे पाच’ अशी धरली आहे.

१८ सप्टेंबर, गुरुवार

आज ओझोनसोंड, म्हणजे फुग्याला बांधून वर सोडायचे ओझोनमापक. फुगा येथून सोडत नाहीत, खाली सें-देनीजवळच्या विमानतळालगत सोडतात, साधारण आठवड्याला एक. १९९८ पासून येथली उड्डाणे दक्षिण गोलार्धातल्या उष्णकटिबंधीय स्थानकांच्या ‘शाडोझ’ या जाळ्यात धरली जातात. ते जाळे नासाच्या ॲन थॉम्पसन यांनी उभे केले. दक्षिणेकडच्या समुद्रांवर उभ्या छेदाची, म्हणजे उंचीगणिक ओझोन किती याची, मोजणी करणारी ठिकाणे फार थोडी होती आणि उपग्रहाने दिलेले आकडे कशाशी ताडून पाहायचे हा प्रश्न होता, म्हणून ते आवश्यक ठरले.

तयारी मला करू दिली. मोजणी करणारा भाग मुठीत मावेल एवढा असतो. टेफ्लॉनच्या दोन लहान कुप्या, दोहोंमध्ये आयन जाऊ देणारा पूल, आणि एक चिमुकला पंप. एका कुपीत पोटॅशियम आयोडाइडचे सौम्य द्रावण तीन मिलिलिटर घालायचे आणि दुसरीत त्याच क्षाराचे संपृक्त द्रावण दीड मिलिलिटर. आत आलेला ओझोनचा प्रत्येक रेणू आयोडीन मोकळे करतो आणि ते पुन्हा आयोडाइड होताना बाहेरच्या तारेतून दोन इलेक्ट्रॉन जातात. म्हणजे वीजप्रवाह मोजला की ओझोन मोजला, इतका सरळ हिशेब आहे. वॉल्टर कोम्हिर यांची ही रचना साठच्या दशकातली आणि अजून तिला तोड नाही. पुण्याच्या शिवाजीनगरला ज्याला जुनी माणसे ‘सिमला ऑफिस’ म्हणतात त्या हवामान कार्यालयाच्या परंपरेतला देशी ओझोनसोंडही आयोडाइडवरच चालतो, फक्त त्याची घडण वेगळी आहे.

सरळ हिशेबातल्या खाचाखोचा पंपात असतात. शंभर मिलिलिटर हवा ओढायला पंपाला किती सेकंद लागतात हे साबणाच्या बुडबुड्याने मोजतात. काचेच्या उभ्या नळीच्या तळाशी बुडबुड्याचा पडदा धरायचा, तो वर चढू लागला की खालच्या रेघेवर घड्याळ सुरू करायचे आणि वरच्या रेघेवर बंद करायचे. पहिल्या तीन वेळा माझा अंगठा मागे राहिला. चौथ्यापासून पाच वाचने घेतली आणि ती सगळी अठ्ठावीस आणि एकोणतीस सेकंदांच्या मध्ये आली. साबणाचे पाणी नळीत वाफ होऊन हवेचे आकारमान किंचित वाढवते, त्याची दुरुस्ती खोलीच्या तापमानावरून आणि आर्द्रतेवरून करावी लागते. ती विसरली तर संपूर्ण छेद एका बाजूला एक-दोन टक्के झुकतो, आणि ओझोनच्या दशकाभराच्या बदलाचे आकडेही साधारण तेवढेच असतात. मग ओझोन देऊन प्रवाह पाच मायक्रोअँपिअरवर नेला, ओझोन बंद केला आणि प्रवाह दीडवर यायला किती वेळ लागतो ते पाहिले. द्रावणाची ही चपळाई नोंदवहीत लिहिली की यंत्र डब्यात बंद करून रेडिओसोंडला, म्हणजे आकडे रेडिओने खाली पाठवणाऱ्या पेटीला, जोडतात.

फुगा हातातून सुटताना एक हिसका बसतो, तो दोन्ही मनगटांना जाणवतो. नंतर सगळे पडद्यावर. सेकंदाला सुमारे पाच मीटर चढत, सतराव्या किलोमीटरच्या आसपास तपस्तब्धी (तपांबर आणि त्यावरचे स्थितांबर यांच्यातली सीमा) ओलांडून, ओझोनच्या सर्वांत दाट थरातून जाऊन एकतीस किलोमीटरवर तो फुटला आणि पेटी छत्रीसकट समुद्रात गेली. ती परत मिळत नाही.

छेदात दोन गोष्टी ठळक दिसल्या. साडेचार किलोमीटरच्या आसपास ओझोनचा एक फुगवटा आणि आठ किलोमीटरच्या आसपास दुसरा, अधिक टोकदार. सप्टेंबर हा आफ्रिकेच्या दक्षिण भागातल्या आणि मादागास्करमधल्या वणव्यांचा काळ. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइड, नायट्रोजनची ऑक्साइडे आणि इतर वायूंवर ऊन पडले की ओझोन तयार होतो आणि पश्चिमेच्या वाऱ्यांबरोबर तो हिंद महासागरावर येतो. दोन्ही फुगवट्यांपुढे मी ‘धूर’ असे लिहिले.

२० सप्टेंबर, शनिवार

उद्या सर्वपित्री अमावास्या, म्हणून हा आठवडा लायडारचा. रात्री सातपासून दीडपर्यंत बाष्पाच्या लायडारपाशी बसले. बाहेर सात अंश, आत यंत्रांमुळे ऊब.

छताची झडप उघडते तेव्हा एखाद्या जुन्या शटरसारखा आवाज होतो. ३५५ नॅनोमीटरचा अतिनील किरण सरळ वर जातो आणि तो डोळ्यांना दिसत नाही, म्हणूनच चष्म्याची सक्ती अधिक कडक आहे. हवेतल्या रेणूंवर आदळून बहुतेक प्रकाश त्याच तरंगलांबीवर परततो, पण अत्यल्प भाग रेणूच्या कंपनाला ऊर्जा देऊन लांब तरंगलांबीवर परत येतो : नायट्रोजनकडून ३८७ आणि पाण्याच्या वाफेकडून ४०७ नॅनोमीटरवर. १.२ मीटर व्यासाचा आरसा तो प्रकाश गोळा करतो आणि दोन्ही मोजण्यांच्या गुणोत्तरातून प्रत्येक उंचीवरचे बाष्प कळते. या गुणोत्तराला परिमाण लावण्यासाठी जीपीएससारख्या उपग्रहांच्या संदेशांना बाष्पामुळे होणारा विलंब वापरतात. संपूर्ण स्तंभातले बाष्प त्यातून मिळते आणि लायडारचा छेद त्याच्याशी जुळवून घेतात.

ओझोनसाठी वेगळे लायडार आहेत आणि त्यांची युक्ती मला सर्वांत आवडते. दोन किरण पाठवायचे, एक ओझोन शोषतो असा आणि दुसरा फारसा शोषत नाही असा. दोघांच्या परतीतला फरक उंचीगणिक कसा वाढत जातो, त्यातून ओझोन किती हे निघते. स्थितांबरासाठी ३०८ आणि ३५५ नॅनोमीटरची जोडी असते. तपांबरासाठी २६६ नॅनोमीटरचा किरण ड्युटेरियम वायूच्या दाबाखालच्या नळीतून नेऊन त्याचे २८९ आणि ३१६ असे दोन किरण करतात. ही मोजणी स्वतःचे परिमाण स्वतःच ठरवते, तिला फुग्याची साक्ष लागत नाही. म्हणून फुगा आणि लायडार एकमेकांची उलटतपासणी घेऊ शकतात.

पडद्यावर मिनिटामिनिटाला आकडे साठत गेले. खाली असंख्य फोटॉन आणि बारा किलोमीटरच्या पुढे इतके थोडे की तासभराची बेरीज केल्याशिवाय रेघ स्थिर होत नाही. साडेदहाला पश्चिमेकडे अंधारात खालच्या गावांचे दिवे दिसत होते, त्यावरून ढग खाली नाहीत हे कळले. दीडला झडप बंद केली.

२२ सप्टेंबर, सोमवार

घटस्थापना. पुण्याला सरांना फोन केला. दोन्ही फुगवटे धुराचे असल्याचे सांगितल्यावर ते क्षणभर काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “अगं, ओझोन सोड. आधी त्या थरात ओलावा किती आहे ते सांग.” मी पाहिले नव्हते. “मग कशावरून म्हणतेस धूर?” असे विचारून त्यांनी फोन घरात देऊन टाकला आणि पुढची पाच मिनिटे काकूंनी मला थंडीची काळजी घ्यायला सांगितली.

ओलावा पाहिला. साडेचार किलोमीटरच्या थरात हवा बऱ्यापैकी दमट आणि लायडारच्या ३५५ नॅनोमीटरच्या थेट परतीत कणांमुळे स्पष्ट उंचवटा. आठ किलोमीटरच्या थरात सापेक्ष आर्द्रता दहा टक्क्यांच्याही खाली आणि कणांचा मागमूस नाही. हे दोन थर एका घरचे नाहीत.

ओझोन भरपूर, ओलावा जवळजवळ नाही, कण नाहीत : अशी हवा स्थितांबरातून उतरलेली असण्याची शक्यता मोठी असते. दक्षिण गोलार्धातल्या हिवाळ्यात आणि वसंतात, म्हणजे साधारण जून ते नोव्हेंबर, उपोष्ण पट्ट्यातला वेगवान पश्चिमी वारा बेटाच्या दक्षिणेकडून जातो. त्याच्या कडेला तपस्तब्धी दुमडते आणि स्थितांबरातल्या हवेची जीभ तिरकी खाली घुसते. रियुनियनवर अशा घटना नव्वदच्या दशकापासून नोंदलेल्या आहेत, म्हणजे मला हे आधी सुचायला हवे होते.

१८ तारखेच्या नोंदीतला ‘धूर’ मी खोडलेला नाही. त्यापुढे ‘खालचा : कदाचित. वरचा : नाही.’ असे लिहिले.

२४ सप्टेंबर, बुधवार

१२ तारखेचा निष्कर्ष चुकीचा आहे.

आज सौरप्रारणाचा आलेख प्रथमच बाकीच्यांच्या शेजारी काढला आणि त्यात सूर्य सकाळी पावणेआठला उगवताना दिसला. खिडकीतून रोज पाहते आहे, तो सव्वासहाच्या आसपास उगवतो. यंत्रे जागतिक प्रमाण वेळेत नोंद करतात आणि तिचे स्थानिक वेळेत रूपांतर करणारी माझी आज्ञावली लॅपटॉपचा वेळपट्टा वापरत होती. लॅपटॉप अजून पुण्यातच होता. चारऐवजी साडेपाच तास मिळवले गेले आणि सगळे दीड तासाने पुढे सरकले. आठ वाजता ओसरणारी हवा प्रत्यक्षात साडेसहाला, सूर्यास्त झाल्याझाल्या ओसरते. सहकाऱ्यांना उशीर वाटला होता तो बरोबर वाटला होता.

लायडारच्या आणि फुग्याच्या नोंदी त्यांच्या मूळ वेळेतच ठेवल्या होत्या, त्यामुळे परवाच्या विवेचनाला धक्का लागत नाही. गाळणी नव्याने बसवली. या वेळी घड्याळाऐवजी हवेच्याच खुणांवर. बाष्पाचे प्रमाण खाली आणि स्थिर, वारा उतारावरून, आणि अतिसूक्ष्म कणांची संख्या रात्रीच्या पातळीवर, असे तिन्ही जुळले तरच तो तास घ्यायचा. कणांची अट महत्त्वाची आहे, कारण माइदोवर सकाळी ऊन पडल्यावर वायूंपासून नवे कण जन्माला येण्याच्या घटना फार वारंवार होतात. २०१५ सालच्या अभ्यासात निम्म्याहून अधिक दिवशी त्या आढळल्या होत्या. वर चढणारी हवा घरूनच कच्चा माल घेऊन येते.

नव्या गाळणीतून पूर्वीपेक्षा जास्त तास मिळतात. संध्याकाळचे आणि पहाटेचे मिळून दोन-अडीच तास मी उगाच टाकून देत होते.

३० सप्टेंबर, मंगळवार

हवेचा माग उलटा काढला. वाऱ्यांच्या संग्रहित क्षेत्रांवरून एखादा हवेचा कण दहा दिवसांपूर्वी कोठे होता हे गणित सांगते. एकच रेघ काढणे धोक्याचे असते, म्हणून प्रत्येक थरासाठी उंची आणि जागा किंचित बदलत अनेक रेघा काढल्या आणि त्या एकत्र राहतात की फाटतात ते पाहिले.

आठ किलोमीटरच्या थराच्या रेघा एकत्र राहिल्या. त्या नैर्ऋत्येकडून, दक्षिण आफ्रिकेच्याही दक्षिणेकडून येतात आणि येताना सतत उतरतात. साडेचार किलोमीटरच्या थराच्या रेघा तीन-चार दिवसांनंतर पिसारल्या. काही मोझांबिकवरून, काही मादागास्करच्या उत्तर टोकावरून, काही समुद्रावरच घुटमळणाऱ्या. उपग्रहावरून मिळणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडच्या नकाशात त्या भागावर वाढ दिसते, पण उपग्रहाला उंची ढोबळच कळते, त्यामुळे ‘हाच तो धूर’ असे म्हणायला माझ्याकडे पुरेसे नाही. माइदोवरच्या, सूर्यप्रकाशाचे पृथक्करण करणाऱ्या वर्णपटमापकातून स्तंभातले कार्बन मोनॉक्साइड मिळते. २०१३ पासूनच्या त्या मालिकेत दर वर्षी वसंतात चढ असतो. १८ आणि २० सप्टेंबर या दोन दिवसांचे आकडे मागवले आहेत.

या खटाटोपाचा उपयोग काय, असे काल एका पाहुण्याने विचारले. तपांबराच्या वरच्या भागातला ओझोन उष्णता अडवतो आणि तेथेच त्याचा परिणाम सर्वांत जास्त होतो. तो वाढला असेल तर माणसाने लावलेल्या आगींनी वाढला की स्थितांबरातून अधिक उतरू लागला, यावर हवामानाच्या गणिती प्रारूपांतल्या पुढच्या शंभर वर्षांचे उत्तर बदलते. दोन्ही थर ‘धूर’ या एका खान्यात टाकले असते तर मी त्या उत्तरात माझ्यापुरती चूक भरली असती.

६ ऑक्टोबर, सोमवार

कोजागिरी. चंद्र डोक्यावर, आकाश स्वच्छ आणि लायडार बंद. मसाला दूध केले. येथल्या मंडळींना वेलची आवडली, केशराला त्यांनी हळद मानले.

मोकळ्या रात्री एका सहकाऱ्याकडून जानेवारी २०२२ ची हकीकत ऐकली. त्या महिन्याच्या १५ तारखेला टोंगा येथे समुद्राखालच्या हुंगा ज्वालामुखीचा स्फोट झाला. राख आणि वाफ ५५ किलोमीटरच्याही वर गेली आणि सुमारे १४.६ कोटी टन पाणी स्थितांबरात शिरले, म्हणजे तेथल्या एकूण बाष्पाच्या दहा टक्क्यांच्या आसपास. टोंगा आणि रियुनियन जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत, २० ते २१ अंश दक्षिण. त्या ऋतूत स्थितांबरातले वारे पूर्वेकडून वाहत असल्यामुळे तो ढग ऑस्ट्रेलिया ओलांडून काही दिवसांतच बेटावर येणार हे उघड होते. लायडार रात्रंदिवस तयार ठेवले गेले आणि बाष्पमापक व ओझोनसोंड बांधलेले फुगे घाईने सोडले गेले. त्या मोजण्यांतून आणि उपग्रहांतून असे दिसले की नैर्ऋत्य प्रशांत आणि हिंद महासागरावर स्थितांबरातला ओझोन आठवडाभरात पाच टक्क्यांनी घटला. एवढ्या पाण्यामुळे क्लोरिनच्या अभिक्रिया कणांच्या पृष्ठभागावर अनपेक्षित वेगाने घडल्या, असा त्याचा अर्थ लावला आहे.

ऐकताना मला फुग्याच्या तयारीचे दिवस आठवले. ओझोनसोंडची पहिली तयारी उड्डाणाच्या काही दिवस आधी करावी लागते. स्फोटाची बातमी आल्यावर तयारी करायला वेळ नसतो. कपाटात आधीच तयार केलेली यंत्रे होती आणि दर आठवड्याची सवय असलेले हात होते, म्हणून ते जमले.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

वर्णपटमापकाचे आकडे आले. त्या दोन दिवसांत स्तंभातले कार्बन मोनॉक्साइड आधीच्या आठवड्याहून चढेच आहे. खालच्या थराबाबत ‘कदाचित’ ऐवजी ‘बहुधा’ लिहिले. ‘नक्की’ लिहिण्यासाठी थराच्या उंचीवरचेच मोजमाप लागेल.

दुपारी वाऱ्याच्या नोंदी चाळताना एक जुनी गोष्ट पुन्हा जाणवली. या बेटाच्या दक्षिणेला असणारा मस्करेन उच्चदाबाचा पट्टा ज्या आग्नेय वाऱ्यांना ढकलतो, तेच वारे जून ते सप्टेंबर विषुववृत्त ओलांडून सोमालियाच्या किनाऱ्याने वळतात आणि नैर्ऋत्य मोसमी वारे म्हणून कोकणात उतरतात. लहानपणी रत्नागिरीला ज्या वाऱ्याने आमच्या पडवीतली ताडपत्री फाडली, त्याच्या वाटेवरचे आधीचे एक ठाणे येथे आहे. प्रकल्पाशी याचा थेट संबंध नाही, म्हणून एवढेच.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

काम हवाली करण्याचा दिवस. दिलेल्या गोष्टी : तीन खुणांची गाळणी आणि तिची आज्ञावली, जिच्यात वेळेचे रूपांतर आता यंत्राच्या वेळपट्ट्यावर न सोडता उघडपणे लिहिले आहे, १८ आणि २० सप्टेंबरच्या थरांचे विवेचन, आणि १२ सप्टेंबरची चुकीची नोंद, जशीच्या तशी. ती काढून टाकावी का असे विचारल्यावर येथील प्रमुखांनी ती राहू द्यायला सांगितले.

राहिलेल्या गोष्टी : ढगांच्या रात्रींसाठी गाळणी तपासलेली नाही. विपरीततेचे झाकण वेधशाळेच्या वर सरकते त्या रात्री वारा उतारावरून असूनही हवा खालची असू शकते, आणि बाष्पाची अट ते प्रत्येक वेळी पकडेल याची मला खात्री नाही. डिसेंबर ते मार्च हे दमट महिने पाहिल्याशिवाय ती वर्षभरासाठी वापरू नये, असे पहिल्या पानावर लिहिले आहे.

निघण्यापूर्वी एकदा ओझोनच्या यंत्रापाशी गेले. साडेसहा वाजले होते. बाष्पाची रेघ पडद्यावर घसरू लागली होती आणि कड्याकडचा ढग माफातमध्ये परत उतरत होता. लॅपटॉपचे घड्याळ येथल्या वेळेवरच ठेवले आहे, ते मुंबईला उतरल्यावर बदलायचे आहे.